गुण्यात नसलेलं घर

एका घराच्या जिन्याला पहिल्या वळणापर्यंत अकरा पायऱ्या आहेत आणि बाराव्या पायरीचा डावा कोपरा झिजलेला आहे, हे मला आजही न बघता सांगता येतं. ते घर मी कधी पाहिलेलं मात्र नाही. ते फ्रान्समधल्या एका जुन्या बंदराच्या गावात आहे आणि मी नोकरीच्या निमित्ताने फार तर मुंबईपर्यंत गेलेलो आहे. लिहायला बसलो तेव्हा कामातले दोन-चार गमतीचे किस्से सांगावेत असं मनात होतं. पण कुठलाही किस्सा सुरू केला की तो त्या घरापाशीच जाऊन थांबतो. म्हणून तेच सांगतो. त्यातलं सगळं मला कळलं आहे असं नाही.

मी ड्राफ्ट्समन. आर्किटेक्ट डोक्यातलं घर कागदावर कच्चं काढून देतो, आम्ही ते कॉम्प्युटरवर मापात काढतो. गवंडी, सुतार, प्लंबर आमचा कागद बघून काम करतात. भिंत कुठे, दार किती रुंद, पायरी किती उंच, हे सगळं त्यावर असतं. आमचं नाव मात्र कोपऱ्यातल्या चौकटीत दोन अक्षरांत असतं. माझं 'व्ही. एस.' असायचं.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. मी आयटीआय करून गंगापूर रोडवरच्या एका लहानशा ऑफिसात लागलो होतो. खाली मेडिकलचं दुकान, वर आम्ही, पाच कॉम्प्युटर. सकाळी सात ते साडेदहा कॉलेज, अकरापासून ऑफिस. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे कॉलेजात काय विचारायचं असतं, कुणाला विचारायचं असतं, हेही मला माहीत नव्हतं. मी सगळीकडे मागच्या बाकावर बसायचो आणि लिहून घ्यायचो. फी माझ्या पगारातून जायची, म्हणजे नोकरी गेली की कॉलेजही गेलं.

आणि नोकरी टेम्पररी होती. मखमलाबादला आमचा थोडा मळा आहे, फुलं आणि भाजी. त्या वर्षी वडिलांची कंबर धरली होती. आम्ही त्यांना नाना म्हणतो. नानांनी उन्हाळ्यातच सांगून टाकलं, "दसऱ्यापर्यंत पक्कं झालं तर ठीक. नाय तर झेंडू तोडायला ये, आणि मग मळ्यातच ऱ्हा. मला एकट्याला आता नाय झेपत." त्यात राग नव्हता.

आमच्या ऑफिसच्या मालक सरदेसाई मॅडम. त्यांच्या पुण्यातल्या एका ओळखीतून हे फ्रान्सचं काम आलं. एक जुनं घर होतं, पूर्वीच्या कुणा व्यापाऱ्याचं. समोरून अरुंद, आत लांबच लांब, तळमजल्यावर मिठाची आणि दारूच्या पिंपांची वखार, वर तीन मजले राहायचे. तिकडच्या एका आर्किटेक्ट बाईंनी घर हाताने मोजलं होतं आणि मोजणीचे कागद स्कॅन करून पाठवले होते. आम्ही त्यावरून पक्के नकाशे काढायचे. एक घर नीट झालं तर त्या गल्लीतली पुढची घरंही येतील, असं मॅडम म्हणाल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "विलास, हे घर दसऱ्यापर्यंत नीट गेलं तर तुझं पक्कं करून टाकू."

मी त्या दिवशी घरी जाऊन नानांना सांगितलं. नाना म्हणाले, "फ्रान्सातलं घर आणि दसरा, याचा काय संबंध?"

हे घर संरक्षित होतं. म्हणजे काय, ते आम्हाला मॅडमनी समजावलं. मालकाला ते पाडता येत नाही, वाढवता येत नाही, खिडकीचा रंग बदलायचा तरी परवानगी लागते. सगळं मंजूर नकाशाप्रमाणे करायचं. आमचे सीनिअर राजाभाऊ, मूळचे येवल्याचे, पैठणी विणणाऱ्या घरातले. दर सोमवारी पहाटेच्या एसटीने यायचे आणि खोलीवर राहायचे. ते म्हणाले, "म्हणजे घराला सरकारी नोकरी लागली म्हणा की. काम करो न करो, कुणी हात लावायचा नाही." सगळे हसले, मीही हसलो. नंतर जेवताना वाटलं, अडीचशे वर्षांचं घर पर्मनंट आहे आणि मी टेम्पररी.

सुरुवातीचे दिवस गोंधळाचेच गेले. त्या बाईंचा एकचा आकडा आमच्या साताच्या जवळ जायचा. पहिल्याच आठवड्यात मी सात मीटर रुंदीची खिडकी काढून ठेवली. सबंध घर साडेसहा मीटर रुंद. मग संडास सापडेना. चारही मजले पालथे घातले. राजाभाऊ म्हणाले, "एक कागद यायचा राहिलाय." मॅडमनी ईमेल करून विचारलं. उत्तर आलं, कागद सगळे आलेत, त्या काळी घरात संडासच नव्हता. एवढ्या श्रीमंत घराला. समोरच्या खिडकीवर दगडात कोरलेलं एक तोंड होतं, केसांत शिंपला खोवलेला. त्याचं नाव आम्ही पाव्हणा ठेवलं. संगणक सुरू केला की राजाभाऊ विचारायचे, "पाव्हणे उठले का?" मग लोडशेडिंगची वेळ झाली की पाव्हणे झोपायचे आणि आम्ही खाली चहाला जायचो.

आता मुख्य गोष्ट. कॉम्प्युटरवर नकाशा काढताना एक बटण असतं, त्याला ऑर्थो म्हणतात. ते चालू ठेवलं की रेघ फक्त आडवी किंवा उभीच जाते, तिरकी जातच नाही. आम्हाला आयटीआयमध्ये पहिल्या दिवसापासून शिकवलं होतं की आधी ऑर्थो चालू करा, मग कामाला बसा. ते बरोबरच होतं. आम्ही आजवर न बांधलेली घरं काढत होतो, आणि न बांधलेलं घर नेहमी काटकोनात असतं. हे घर मात्र आधीच उभं होतं. हा फरक आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आला नाही.

बाईंच्या कागदावर प्रत्येक खोलीचा एक वेडावाकडा चौकोन असायचा. चार बाजूंना चार मापं. एका खोलीत एक भिंत चार मीटर बारा सेंटीमीटर, समोरची चार मीटर पाच. अशा चार भिंती काटकोनात काढल्या तर शेवटचा कोपरा मिळत नाही, सात-आठ सेंटीमीटरची फट राहते. मी राजाभाऊंना दाखवलं.

"भिंतीत जिरव," ते म्हणाले.

हा आमच्या धंद्यातला शब्द आहे. साइटवर गवंडी प्लास्टरमध्ये जिरवतो, आम्ही भिंतीच्या जाडीत. भिंत इकडे थोडी जाड केली, तिकडे थोडी बारीक, की खोली सरळ होते. कुणाला कळत नाही.

चौकोनात शिवाय दोन तिरप्या रेघा असायच्या, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, फुलीसारख्या. आमच्याकडच्या नकाशात अशी फुली म्हणजे मोकळी जागा, पाइपांचा डक्ट किंवा वरपर्यंत उघडा चौक. मी विचारलं, "राजाभाऊ, प्रत्येक खोलीत डक्ट कसा असेल?"

"डक्ट नाही रे बाबा. ही खोली झाली, असं टिक केलंय तिनं."

"पण फुलीवर आकडे आहेत. सहा एकसष्ट, सहा त्र्याण्णव."

"मग चेक करायला असतील. मापं जुळतायत ना भिंतींची? मग सोड. मला अजून छप्पर काढायचंय."

मापं जुळत होती, कारण मी ती जुळवली होती. मी फुल्या सोडून दिल्या. आणखी एकदा विचारावं असं मनात आलं होतं, हे खरं आहे. पण पुन्हा विचारलं की आपल्याला येत नाही असं दिसतं, ही भीती मला कॉलेजातही होती.

आषाढ संपेपर्यंत तळमजला आणि समोरची बाजू फ्रान्सला गेली. बाईंचं उत्तर आलं, नकाशे फार स्वच्छ आहेत. मॅडमनी ते छापून भिंतीला लावलं. मग वरचे मजले काढून झाल्यावर मी एक मजला दुसऱ्यावर ठेवून पाहिला. कॉम्प्युटरवर ते सोपं असतं, ट्रेसिंग पेपरसारखं. घरात एक धुराडं होतं, तळापासून छपरापर्यंत गेलेलं. माझ्या नकाशात ते तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत वीतभर बाजूला सरकलं होतं. मी धुराडी फक्त सातपूरच्या कारखान्यांची पाहिली होती, आणि ती तर सरळच असतात. मी दोन दिवस त्याकडे बघत बसलो. राजाभाऊ म्हणाले, "त्यांच्याकडं धूर वळून जात असेल." या वेळी मात्र ते स्वतःच हसले नाहीत.

गणपती बसायच्या आधीच्या रविवारी मी मळ्यात होतो. कारल्याचे वेल हातभर झाले होते आणि मांडव घालायचा होता. नानांची कंबर वाकत नव्हती, म्हणून ते उभे राहून सांगायचे आणि मी खुंट्या ठोकायचो. चार कोपऱ्यांना चार खुंट्या झाल्या. चारही बाजू मोजून घेतल्या होत्या. मी पहार घेऊन खड्डा खणायला गेलो, तर नाना म्हणाले, "थांब. फुली घेतली का?"

"कसली फुली?"

"कॉलेजात जातो आणि फुली माहीत नाय? धर ही सुतळी. त्या कोपऱ्यावरून या कोपऱ्यावर आण. गाठ मार. आता दुसऱ्या दोन कोपऱ्यांवर धर."

मी धरली. दुसऱ्या बाजूने सुतळी हातभर कमी पडली.

"हे बघ," नाना म्हणाले. "चारी बाजू सारख्या असल्या म्हणून चौकोन गुण्यात नसतो. नुसत्या बाजू मोजल्या तर तो इकडंबी कलंल, तिकडंबी कलंल. फुली घेतली की मग कळतं, कुठं आणि किती कललाय ते."

गुण्या म्हणजे गवंड्याचा काटकोन, लोखंडी. तो मला माहीत होता. सुतळीचा मला माहीत नव्हता.

मी विचारलं, "मग खुंटी सरकवून सरळ करू का?"

"कशाला? शेजारचा बांध तिरका हाय. आपला मांडव बांधाबरोबर जाणार. सरळ केला तर तिकडं तिकोनी पट्टी मोकळी ऱ्हाईल. तिरका हाय तर तिरका घालायचा, फक्त किती तिरका ते ठाव पायजे."

मी सुतळी हातात धरून तसाच उभा राहिलो. सहा एकसष्ट आणि सहा त्र्याण्णव. बाईंनी प्रत्येक खोलीत, गुडघ्यावर बसून असेल किंवा कसं, हेच केलं होतं. घर किती कललंय ते त्यांनी मोजून पाठवलं होतं आणि मी तेवढंच पुसून टाकलं होतं.

नाना म्हणाले, "काय झालं? साप दिसला का?"

सोमवारी मी एक खोली ऑर्थो बंद करून, फुलीच्या मापाने काढली. चारही भिंती मापात बसल्या, फट राहिली नाही. भिंतीत काहीच जिरवावं लागलं नाही. खोली पतंगासारखी तिरकी दिसत होती. मग तिच्यावरची खोली तशीच काढली. धुराडं धुराड्यावर आलं.

राजाभाऊंना दाखवलं. त्यांनी स्वतः एक मजला दुसऱ्यावर ठेवून पाहिला. मग म्हणाले, "आता मॅडमना सांगणार तू?"

"सांगायला पाहिजे ना?"

"बघ बाबा. सगळं घर परत काढावं लागेल. दसरा काही फ्रान्ससाठी थांबणार नाही. आणि त्यांचं घर वाकडं, आपण सरळ करून दिलं, यात आपण वाईट काय केलं? उलट सुधारलंच."

"पण ते घर तसं नाहीये, राजाभाऊ."

ते खुर्चीत मागे टेकले. "आमच्याकडं मागावर एक तार चुकली तर गिऱ्हाईकाला दिसत नाही. पण विणणाऱ्याला ती रोज दिसते. माझा भाऊ अजून एका लुगड्याबद्दल बोलतो." मग म्हणाले, "म्हणून तर मी माग सोडला, च्यायला. इथंही तेच."

मॅडमच्या केबिनमध्ये जाताना मी दोन्ही प्रिंट घेऊन गेलो, सरळ आणि तिरकी. काय बोलायचं ते वहीत लिहून पाठ केलं होतं, पण शब्द उलटसुलट झाले. मी सुतळी, कारली आणि ऑर्थो हे सगळं एकाच वाक्यात सांगितलं. मॅडमनी प्रिंट एकमेकांवर धरून उजेडाकडे केल्या. त्या आर्किटेक्ट होत्या, त्यांना लगेच कळलं. त्या म्हणाल्या, "हे मी बघायला हवं होतं." मग म्हणाल्या, "तुला माहितीये ना, याने तुझंच अवघड होणार आहे?" मी हो म्हटलं. खरं म्हणजे मला माहीत नव्हतं. सांगितल्यावर काय होतं याचा माझा काही अनुभवच नव्हता.

त्यांनी त्याच दिवशी ईमेल पाठवलं. चार दिवस उत्तर नाही. पाचव्या दिवशी आलं. मॅडमनी ते वाचलं आणि मला बोलावून वाचायला दिलं. माझं इंग्रजी तेव्हा अडखळतंच होतं, त्या बाईंचंही होतं, त्यामुळे मी ते तीनदा वाचलं. त्यात रागाचं एकही वाक्य नव्हतं. सांगितलंत म्हणून आभार, सगळे मजले पुन्हा पाठवा. मग एक परिच्छेद होता. तळमजल्याच्या खिडक्यांच्या लाकडी झडपा आमच्या पहिल्या नकाशावरून करून झाल्या होत्या. सुताराने मला खिडकीवर येऊन माप घेऊ द्या असं म्हटलं होतं. पण घर संरक्षित, मंजूर कागदाप्रमाणेच करायचं, म्हणून त्याला तसं करू दिलं नाही. खिडक्याही गुण्यात नव्हत्या, त्यामुळे झडपा बसल्या नाहीत. कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट राहिली. काम वाईट केलं म्हणून त्याला महिन्यापूर्वीच कामावरून काढलं होतं. आता त्याच्याशी बोलावं लागेल, असं बाईंनी लिहिलं होतं. एवढंच.

मी मॅडमना विचारलं, "त्याला परत घेतील का?"

"ते मला कसं माहीत असणार?"

"विचारता येईल का?"

त्यांनी चष्मा काढून ठेवला. "विलास, आपण चूक केलीय. आपण आता त्यांना प्रश्न विचारायचे नसतात."

ते बरोबर होतं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी इतके दिवस एकाच माणसाचा विचार करत होतो, माझा. दसऱ्यापर्यंत माझं पक्कं होतंय की नाही. आणि तिकडे कुठेतरी एक सुतार, ज्याने माप घेऊ द्या म्हटलं होतं, तो माझ्या कागदाप्रमाणे नीट काम करून घरी बसला होता. त्याच्या घरी कुणी कॉलेजात जात होतं का, असलंही काहीबाही माझ्या मनात यायचं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही झेंडू तोडत होतो. नानांनी पाटी भरता भरता विचारलं, "पक्कं झालं?"

"नाही."

"काढलं?"

"नाही. मॅडम म्हणाल्या, पक्क्याचं पत्र आत्ता देता येत नाही, पुढचं काम येईल की नाही त्यांनाच माहीत नाही. पण काढलंही नाही."

"मग तू तिथं काय करणार?"

"घर परत काढायचंय. तिरकं."

नानांनी ओंजळीतली फुलं पाटीत टाकली. "म्हणजे आधी सरळ काढलं आणि आता तिरकं काढायचं. आणि त्यासाठी शिकलेली माणसं लागतात."

"हो."

"किती झालं?"

"अर्धं."

ते पुढच्या ओळीला गेले. तिथून पाठमोरेच म्हणाले, "मग उद्याचा बाजार झाला की जा. अर्धा मांडव टाकून कुणी घरी येतं का." मळ्यात राहण्याविषयी ते त्यानंतर बोलले नाहीत. त्यांनी त्या वर्षी शेजारच्या एका बाईंना तोडणीला बोलावलं. हे माझ्यावर खूश होऊन केलं की कंटाळून, हेही मी कधी विचारलं नाही.

घर दिवाळीनंतर पुरं झालं. गल्लीतली बाकीची घरं काही आमच्याकडे आली नाहीत. माझं पक्कं दीड वर्षाने झालं, दुसऱ्याच कामावर. तोवर मी बी.ए. झालो होतो. आज माझ्याकडे चार जण शिकायला बसतात. आधीपासून उभं असलेलं घर काढायला घेतलं की मी पहिल्यांदा त्यांचं ऑर्थो बंद करतो आणि मग सुतळीची गोष्ट सांगतो. सुताराची सांगत नाही.

काम संपल्यावर बाईंनी एक फोटो पाठवला होता. मॅडमनी तो मला छापून दिला. मी तो घरी नेऊन नानांना दाखवला. तळमजल्याची खिडकी, वर आमचा पाव्हणा, आणि नव्या झडपा बंद करून बसवलेल्या. कोपऱ्यात कुठे फट नाही. फोटोच्या कडेला एका माणसाचा हात आला आहे, कोपरापर्यंतच. बाही दुमडलेली, तळवा झडपेवर ठेवलेला, बसली का ते दाबून बघताना ठेवतात तसा.

नानांनी फोटो उन्हात धरून बराच वेळ पाहिला. म्हणाले, "फळी खाली बारीक आणि वर रुंद हाय. मापानं तिरकी कापलीय. मोजल्याशिवाय हे नाय होत." मग त्या हातावर बोट ठेवून विचारलं, "हा कोण?"

मी म्हणालो, सुतार.

"तोच का?"

तो फोटो माझ्या टेबलाच्या काचेखाली अजून आहे. कामावर बसताना रोज दिसतो. हात वयस्कर माणसाचा वाटतो. पण तोच की दुसरा, मला माहीत नाही.